टेकडीवर सायकल न्यायची? आधी डोक्याचं माप घ्या

"थर्माकोलच्या टोपीचे साडेचार हजार?"

माझं पहिलं धड हेल्मेट घरी आलं तेव्हा बाबांनी ते उलटं केलं, आत बोटाने टकटक करून पाहिलं आणि एवढंच विचारलं. प्रश्न रास्त होता. सायकलचं हेल्मेट म्हणजे खरंच थर्माकोल असतो. २०१८च्या बंदीआधी गणपतीच्या मखरासाठी आणायचो त्याच जातीचा, फक्त बराच घट्ट आणि साच्यात फुगवून आकार दिलेला. त्यावर पॉलिकार्बोनेटचं पातळ कवच, आत घाम टिपणाऱ्या गाद्या, मागे आवळायचं चाक, हनुवटीखाली पट्टा. संपलं हेल्मेट.

बाबांना तेव्हा देता आलं नाही ते उत्तर आता देतो. समजा, डोकं दोन मीटर उंचीवरून खाली आलं. जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी साधारण २२ किलोमीटर असतो. आपल्याकडचा काळा कातळ काही दबत नाही. डोकं दोन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर बसणारा हिसका सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट. तेच वीस मिलिमीटरमध्ये थांबलं, तर शंभरपट. पडण्याची उंची भागिले थांबायचं अंतर, एवढंच गणित आहे. ते वीस मिलिमीटर थर्माकोल देतो, स्वतः चिरडून. आणि एकदा चिरडला की तो परत फुगत नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

हा लेख नवख्यांसाठी आहे. जाड टायरची सायकल घेतली आहे, रस्त्यावर महिना-दोन महिने चालवून झाली आहे आणि आता वेताळ टेकडी, तळजई किंवा बाणेरच्या पायवाटा खुणावताहेत, अशांसाठी. मी पुण्यातला, म्हणून उदाहरणं पुण्याची. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर चालवणाऱ्यालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. जांभा तर आमच्या कातळापेक्षा खरखरीत.

पडणं कसं असतं ते आधी बघा

टेकडीवरच्या बहुतेक पडापडी नवख्याला वाटतात तशा सिनेमातल्या नसतात. मुरमावरच्या वळणात पुढचं चाक सरकतं आणि तुम्ही आडवे होता. चढावर एखाद्या दगडी पायरीपाशी दम संपतो, पाय क्लिपमधून किंवा पेडलवरून वेळेवर निघत नाही आणि तुम्ही उभ्याउभ्या मागे किंवा बाजूला कलंडता. नाहीतर ग्लिरिसिडियाची खाली आलेली फांदी कपाळावर बसते. वेग फारसा नसतो, पण खाली सपाट डांबर नसतं. खाली कोपरे असतात, दगडांचे. मार बसतो कानशिलावर, कानाच्या मागे, डोक्याच्या मागच्या उतरत्या भागावर.

माझं असंच झालं होतं. वेग फार तर ताशी दहा असेल. उताराचं शेवटचं वळण, सकाळची कोवळी उन्हं, मागून मित्राच्या गप्पा चालूच. चाक सरकलं आणि उजवं कानशील एका दगडाच्या धारेवर आपटलं. उठलो, कपडे झटकले, काही झालं नाही म्हणून हसलोसुद्धा. घरी येऊन हेल्मेटच्या गाद्या काढल्या तेव्हा थर्माकोलमध्ये उभी चीर दिसली, बोटाचं नख जाईल एवढी. बाहेरून कवचावर फक्त एक पांढरट ओरखडा होता.

म्हणून पहिला निकष हा: हेल्मेट कानशिलावर आणि डोक्याच्या मागे किती खाली येतं ते बघा. रंग नंतर.

पायरी १: शिंप्याची टेप

दुकानात जायच्या आधी घरी डोकं मोजा. कापडी टेप भुवयांच्या वर दोन बोटांवरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर आलाय त्यावरून फिरवा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजा. तीनदा मोजा, सगळ्यात मोठा आकडा धरा. बहुतेक कंपन्यांत ५१ ते ५५ सेंटिमीटर म्हणजे स्मॉल, ५५ ते ५९ मीडियम, ५९ ते ६३ लार्ज, असं साधारण असतं. पण प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा, तेव्हा तो बघूनच ठरवा. तुम्ही सीमेवर असाल, ५५ किंवा ५९, तर दोन्ही साइज घालून बघण्याला पर्याय नाही.

आकड्याइतकाच आकार महत्त्वाचा. काहींचं डोकं वरून पाहिलं तर लांबट असतं, काहींचं गोल. हेल्मेट कपाळाला आणि मागे टोचतंय, पण कानांच्या वर मोकळी जागा आहे, तर तुमचं डोकं लांबट आणि हेल्मेट गोल. कानांच्या वर दाबतंय आणि पुढे-मागे सैल आहे, तर उलटं. रुंद डोक्यांसाठी काही कंपन्या 'एशियन फिट' नावाने वेगळा साचा काढतात. नाव वाचून आपल्यासाठीच असणार असं समजू नका. डोकं रुंद असेल तरच त्याचा उपयोग.

आणि लहान मुलांसाठी घेताना एक गोष्ट हात जोडून सांगतो. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्या, हेल्मेट घेऊ नका.

पायरी २: प्रकार ठरवा

दुकानात चार-पाच प्रकार दिसतील. नुसती भोकंच भोकं असलेली, हलकी, मागे आखूड असलेली असतात ती रस्त्याची किंवा क्रॉस-कंट्री शर्यतीची. वजन दोनशे ते तीनशे ग्रॅम. त्यानंतर ट्रेल हेल्मेट: मागून बरंच खाली उतरणारं, पुढे छज्जा असलेलं, साधारण तीनशे ते चारशे ग्रॅमचं. दहातल्या नऊ नवख्यांना हेच लागतं, आणि मी सांगून मोकळा होतो की हेच घ्या. छज्ज्याचा उपयोग उन्हापेक्षा फांद्यांसाठी जास्त. मान खाली घातली की फांदी छज्ज्यावरून घसरते, डोळ्यात जात नाही. पडल्यावर छज्जा निघून यायला हवा किंवा मोडायला हवा. स्क्रूने घट्ट बसवलेला, न हलणारा छज्जा दगडात अडकून मानेला हिसका देऊ शकतो.

फुलफेस म्हणजे हनुवटीसकट झाकणारं. सायकलचं फुलफेस मोटरसायकलच्या हेल्मेटसारखं दिसलं तरी बरंच हलकं असतं, सातशे ग्रॅमपासून एक किलोपर्यंत. उड्या मारायच्या असतील, मोठे दगडी उतार करायचे असतील, हिमाचलात जाऊन डाउनहिल करायचं असेल, तर ते घ्या. आपल्या टेकड्यांवर चढ स्वतःच्या पायांनी चढायचा असतो. एप्रिलमध्ये फुलफेस घालून चढून बघा, मग बोलू. मधला मार्ग म्हणून हनुवटीचा भाग सुटा करता येतो अशी हेल्मेटं मिळतात, बेल कंपनीची सुपर मालिका त्यातली सगळ्यात ओळखीची. चढताना सुटा भाग बॅगेला, उतरताना तोंडावर. छान सोय आहे, पण महाग, आणि पहिल्या वर्षी लागत नाही.

वाटीसारखी गोल, स्केटिंगवाल्यांची असतात तीही चालतात, आत सायकलच्या चाचणीचा शिक्का असेल तर. गरम मात्र फार होतात.

आता नेहमीचे दोन प्रश्न. "घरात स्कूटरचं हेल्मेट आहे, ते चालणार नाही का?" ते आयएस ४१५१ या मानकाचं, जोरदार आघातासाठी बनलेलं, वजन किलोच्या वर. वारा नाही, ऐकू कमी येतं. शंभर मीटर चढलात की काढून हँडलला अडकवाल आणि नेमकं तेव्हाच पडाल. दुसरा प्रश्न पुण्यात हमखास येतो, कारण इथे निम्मे सायकलवाले मुळात ट्रेकर: "क्लाइंबिंगचं हेल्मेट आहे की!" ते मुख्यतः वरून पडणारा दगड झेलायला बनवतात. त्याचं ईएन १२४९२ हे मानक निराळं आहे. आडवं पडताना कानशिलाला जे लागतं, त्यासाठी ते नाही. सुळक्यावर ते, टेकडीवर हे.

पायरी ३: आतला स्टिकर वाचा

हेल्मेट हातात घेतलं की आधी उलटं करा, बाबांसारखं. गाद्यांच्या मागे किंवा कडेला छोटा स्टिकर असतो. त्यावर इंग्रजी अक्षरांत ईएन १०७८ (युरोपचं मानक) किंवा सीपीएससी (अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं, १९९९ पासून तिथे सक्तीचं) असायला हवं. सोबत साइज, वजन, आणि बनवल्याचा महिना व वर्ष. यातलं काहीच नसेल तर ती टोपी आहे, दुकानदाराने कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी.

हे शिक्के म्हणजे काय? धातूच्या नकली डोक्याला हेल्मेट घालून ते ऐरणीवर सोडतात. सीपीएससीच्या चाचणीत सपाट ऐरणीवर दोन मीटरवरून, आणि फुटपाथच्या कडेसारख्या व अर्धगोल ऐरणीवर १.२ मीटरवरून. डोक्याला बसणारा हिसका ३०० जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीनशेपटीच्या, आत राहिला पाहिजे. ईएन १०७८मध्ये उंची थोडी कमी, पण मर्यादा २५० जीची. ती कडेची ऐरण बघितली की मला आमच्या टेकडीवरचे दगडच आठवतात.

फुलफेस घेणाऱ्याने इथे जास्त डोळे उघडे ठेवावेत. ईएन १०७८मध्ये हनुवटीच्या भागाची ताकद तपासतच नाहीत. त्यामुळे फुलफेसवर नुसता तेवढाच शिक्का असेल, तर तोंडासमोरची ती कमान परीक्षा न देताच पास झालेली असू शकते. डाउनहिलसाठी एएसटीएम एफ१९५२ या मानकाचा शिक्का शोधा. त्यात हनुवटीची चाचणी येते आणि कडेवरची आपट जास्त उंचीवरून असते.

पायरी ४: दुकानात अर्धा तास

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश सांगतो. पहिली चूक माझीच. पहिलं हेल्मेट घेताना दुकानदार म्हणाला, "थोडं मोठंच घ्या दादा, हवा खेळते." शनिवारची संध्याकाळ, दुकानात गर्दी, मला घाई. घेतलं लार्ज. पहिल्याच उतारावर पहिल्याच पायरीला ते डोळ्यांवर आलं, आणि पुढचे चार मीटर मी सायकल आठवणीने चालवली. हवा मात्र खेळत होती!

तेव्हा असं करा. हेल्मेटच्या मागचं आवळायचं चाक पूर्ण सैल करा. हेल्मेट डोक्यावर जमिनीला समांतर ठेवा, मागे सरकवून नव्हे. लग्नातल्या फेट्यासारखं कपाळ उघडं टाकायचं नाही. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. आरशात बघा, कारण आपल्याला सरळ वाटतं ते बहुतेक वेळा मागे गेलेलं असतं.

आता चाक न आवळता, पट्टा न लावता हळूच पुढे वाका. चांगल्या मापाचं हेल्मेट एवढ्यानेही जागेवर थांबतं किंवा जेमतेम सरकतं. टपकन हातात आलं तर ते मोठं आहे आणि चाक कितीही आवळलं तरी मोठंच राहणार. चाक शेवटची एक-दोन घरं भरून काढायला असतं, एक पूर्ण साइज भरून काढायला नाही.

चाक आवळा, घट्ट पण न दुखेल असं. पट्टे अजून मोकळेच. मान जोरात हलवा, डावी-उजवी, मग वर-खाली, हो-नाही म्हणतो तशी. मग हेल्मेट हाताने धरून डावीकडे फिरवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकायला हवी, भुवया हलताना दिसायला हव्यात. कातडी जागेवर आणि हेल्मेट एकटंच फिरतंय, तर साइज चुकला.

मग पट्टे. कानाखाली दोन्ही पट्टे जिथे एकत्र येतात तिथे इंग्रजी व्हीसारखा आकार होतो. त्याचं टोक कानाच्या पाळीच्या जरा खाली यावं. कानावर पट्टा चढत असेल तर ती सरकपट्टी हलवून घ्या. बक्कल लावा, हनुवटीखाली एक बोट, फार तर दोन जावीत. आता मोठी जांभई द्या. तोंड उघडलं की हेल्मेट माथ्यावर किंचित दाबल्यासारखं जाणवलं पाहिजे. शेवटी मागच्या कडेखाली तळवा लावून हेल्मेट पुढे ढकला, मग पुढच्या कडेने मागे. दोन्हीकडे कपाळ उघडं पडलं किंवा डोळे झाकले गेले, तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग ते काढू नका. घालूनच दुकानात फिरा, हातमोजे बघा, टायरचे भाव विचारा, दहा-पंधरा मिनिटं काढा. टोचणारी जागा पहिल्या मिनिटाला कळत नाही. काढल्यावर कपाळावर एकाच ठिकाणी लाल ठसा उमटला असेल तर तो आकार तुमचा नाही. सगळीकडे हलकी रेघ असेल तर ठीक.

जाताना रोजचा चष्मा घालून जा, सायकलचा गॉगल असेल तर तोही न्या. काड्या आणि मागचं चाक यांचं भांडण दुकानातच मिटवलेलं बरं. लांब केस असतील तर ज्या बांधणीत सायकल चालवता तीच बांधणी करून या. अंबाडा घालून हेल्मेट बसत नाही. खाली मानेजवळ बांधलेली वेणी किंवा शेपटी बसते. माझ्या ताईने हे न करता हेल्मेट आणलं आणि मग सगळा दोष हेल्मेटला दिला.

ती आतली पिवळी जाळी

बऱ्याच हेल्मेटांच्या आत पातळ, बहुधा पिवळा प्लास्टिकचा थर दिसतो आणि किंमत हजार-दीड हजाराने वर जाते. हे मिप्स. स्वीडनमध्ये हान्स फॉन होल्स्ट हे न्यूरोसर्जन आणि पीटर हाल्डिन हे संशोधक यांच्या कामातून आलेलं. कल्पना सोपी आहे. आपण क्वचितच सरळ खाली पडतो. तिरके पडतो, आणि तिरक्या मारात डोकं गरकन फिरतं. मेंदूला ते फिरणं फार सोसत नाही. तो पातळ थर हेल्मेटला डोक्यावर दहा-पंधरा मिलिमीटर सरकू देतो आणि फिरण्याचा काही जोर त्यात जिरतो. ईएन १०७८ आणि सीपीएससी या दोन्ही चाचण्यांत हे फिरणं मोजलं जात नाही, म्हणून शिक्का असला तरी हा प्रश्न उरतोच. इतर कंपन्यांची याच कामासाठी वेगळी तंत्रं आहेत, वेव्हसेल, लीटची टर्बाइन वगैरे.

घ्यावं का? परवडत असेल तर हो, टेकडीसाठी नक्की. पण मापात न बसणाऱ्या मिप्सपेक्षा मापात बसणारं साधं हेल्मेट मी डोळे मिटून घेईन. दोन हेल्मेटांत अडकलात तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची यादी बघा. ते २०१८ पासून सायकल हेल्मेटांना तारे देतात, फिरण्याचा मारही मोजतात. ताऱ्यांसोबत एक आकडा असतो. तो जितका कमी तितकं चांगलं. गंमत म्हणजे सगळ्यात महाग हेल्मेट सगळ्यात वर असतंच असं नाही.

पैशांचं म्हणाल तर शिक्का असलेलं साधं हेल्मेट दीड-दोन हजारांपासून मिळतं, मिप्सवालं ट्रेल हेल्मेट साधारण पाच-सहा हजारांपुढे. त्यावरचे पैसे बहुतांशी वजन, हवा आणि नाव यांचे. जुनं, कुणी वापरलेलं हेल्मेट मात्र फुकट दिलं तरी घेऊ नका. माझ्या त्या चिरलेल्या हेल्मेटचा बाहेरून फोटो काढून मी ते 'एकदम नव्यासारखं' म्हणून सहज विकलं असतं.

घरी आणल्यावर

घामाचा प्रश्न मोठा आहे. गाद्या काढून साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. पावसाळ्यात हे आठवड्याला करा, नाहीतर जुलैत गाद्यांना जो वास येतो त्याला कपाटातले बाकीचे कपडेही घाबरतात. कवच ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोल, थिनर, रंगाचा स्प्रे, यातलं काही लावू नका. थर्माकोल त्याने विरघळतो, आणि बाहेरून कळतही नाही. उन्हात उभ्या गाडीच्या मागच्या काचेपाशी हेल्मेट ठेवून जेवायला जाण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

डोकं आपटलं की हेल्मेट बदला, चीर दिसो वा न दिसो. न आपटताही बहुतेक कंपन्या तीन ते पाच वर्षांत बदलायला सांगतात. अमेरिकेच्या सीपीएससीचा सल्ला पाच ते दहा वर्षांचा. आपल्या घामात आणि उन्हात मी पाचाच्या पुढे जात नाही. स्टिकरवरची तारीख इथे कामाला येते.

आणि जुनं हेल्मेट भंगारात देण्याआधी कात्रीने त्याचे दोन्ही पट्टे बक्कलपाशी कापून टाका. नाहीतर ते कुठल्यातरी पोराच्या डोक्यावर पुन्हा टेकडी चढेल.